वऱ्हाडांतील जुन्या दगडखाणी व त्यांच्या कड्यांचा भरंवसा

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हणून आजवर फर्मानें, सनदा, देशमुख-देशपांड्यांचीं दप्तरें, वेशींवरील फारसी लेख व देवळांतील शिलालेख यांचा शोध अनेकांनीं घेतला, व तो योग्यच होय. परंतु हे लेख ज्या दगडावर कोरले गेले तो दगड कोठून निघाला, कोणत्या हत्यारानें निघाला, आणि तो काढून नेल्यावर मागें उरलेलें खाणीचें तोंड शेंकडों वर्षें कां उभें राहिलें अथवा कां ढासळलें, ही चौकशी आमच्या संशोधक मित्रांपैकीं फारच थोड्यांनीं केली. कड्याच्या भरंवशाचा विचार हा इंजिनियरांचा विषय, इतिहासकाराचा नव्हे, अशी समजूत यास कारण असावी. ही समजूत चुकीची आहे असें आम्हांस वाटतें. खाणीचा कडा हाही एक लेखच आहे. तो वाचतां आल्याखेरीज एखादा तट तोफेनें पडला, काळानें झिजून पडला, कीं पायाखालचा खडक निसटून पडला, याचा निर्णय करितां येत नाहीं. हें आम्ही दुसऱ्यांस शिकविण्याच्या हेतूनें लिहीत नाहीं. आम्हीं स्वतः या बाबतींत एकदां चूक केली, व ती कशी उघडकीस आली तें पुढें योग्य स्थळीं सांगितलें आहे.

(१) भूमि व दगड

वऱ्हाडाचे पूर्वापार तीन भाग मानतात : उत्तरेस गाविलगडच्या रांगेवरील मेळघाट, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरील बालाघाट, व या दोहोंमधील पूर्णेचें सपाट खोरें तो पायनघाट. पायनघाटांत नदीच्या गाळाचा थर कित्येक ठिकाणीं शेंकडों फूट खोल आहे. तेथें विहीर खणतांनाही कातळ लागत नाहीं. मन व म्हैस या नद्यांच्या संगमावरील बाळापूरचा किल्ला अचलपूरच्या नवाब इस्माईलखानानें इ. स. १७५७ मध्यें पुरा केला. त्याचे तट व बुरूज उत्तम भाजलेल्या विटांचे आहेत. माती हाताशीं होती व दगड दूर होता, हेंच त्याचें सरळ कारण दिसतें.

दोन्ही बाजूंच्या डोंगरांची गोष्ट निराळी. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून तेथील काळा पाषाण झाला आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. त्यास काळवत्री म्हणतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला व पुढें त्या छिद्रांत पांढरीं खनिजें भरलेला असा असतो, तो मांजऱ्या. कित्येक ठिकाणीं दोन थरांच्या मध्यें तांबड्या, भाजल्यासारख्या मातीचा पट्टा दिसतो. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ गेल्याची ती खूण होय. अशा मधल्या काळांत येथें गोड्या पाण्याचीं तळीं होतीं, याची साक्ष गाविलगडच्या रांगेंतच फार लवकर सांपडली. त्रिकोणमितीय पाहणीबरोबर हिंडणारा वैद्य व भूगर्भवेत्ता हेन्री वॉयसी यास १८२३ च्या एप्रिलांत या डोंगरांत पाषाणरूप झालेले शिंपले मिळाले. १८२४ मध्यें तो मरण पावला. त्याचा वृत्तांत मागाहून ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या अठराव्या भागांत छापला गेला. हे मधले मऊ पट्टे वॉयसीला जीवसृष्टीच्या इतिहासासाठीं मोलाचे वाटले. आम्हांस ते कड्याच्या इतिहासासाठीं मोलाचे आहेत, कारण कडा बहुधा तेथूनच पोखरला जातो.

या रांगेच्या पायथ्याशीं, बहिरम व सालबर्डी यांच्या बाजूस, काळ्या पाषाणाहूनही जुना असा वालुकाश्म उघडा पडला आहे. अकोला जिल्ह्यांतील नरनाळ्याचा डोंगर काळा आहे. परंतु फत्तेउल्ला इमादुल्मुल्क यानें बहमनी सुलतान महमूदशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १४८७ च्या सुमारास, बांधविलेला तेथील महाकाली दरवाजा मात्र पांढरट वालुकाश्माचा आहे. म्हणजे तटासाठीं पायाखालचा दगड व नक्षीसाठीं दुरून आणलेला मऊ दगड, असा विवेक त्या काळच्या कारागिरांनीं केला होता. दगडाची निवड ज्यांनीं इतक्या विचारानें केली, त्यांनीं दगड काढण्याची जागाही तितक्याच विचारानें निवडली असली पाहिजे.

(२) खाण, तळें व तट

डोंगरी किल्ल्यावरचें तळें ही पुष्कळदां पूर्वींची खाण असते. दगड डोंगराखालून वर वाहून नेण्यापेक्षां माथ्यावरच फोडावा, निघालेल्या दगडानें तट बांधावा, व राहिलेल्या खड्ड्यांत पावसाचें पाणी सांठवावें, यासारखी काटकसर दुसरी नाहीं. गाविलगडावर देवतलाव, खानतलाव, मछली तलाव हीं तळीं आहेत. नरनाळ्यावर शक्कर तलाव प्रसिद्धच असून लहानमोठीं बावीस तळीं गॅझेटियरांत नोंदलीं आहेत. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडाविषयीं जी आज्ञा आहे तिचाही आशय हाच : प्रथम पाणी पाहावें, पाणी नसून तें स्थळ बांधणें अवश्यच असेल तर खडक फोडून तळीं-टाकीं करावींत. त्याच प्रकरणांत, झऱ्यावर विसंबूं नये, कारण लढाईंत तोफांच्या आवाजानें झरे कमी होतात, असेंही बजावलें आहे. हें वाक्य पुष्कळ वाचकांस भाबडें वाटतें. आम्हांस तें अनुभवाचें वाटतें. झरा म्हणजे खडकाच्या सांध्यांतून वाहणारें पाणी. जबर हादऱ्यानें सांधे हलले कीं पाण्याची वाट बदलते. सांधा हलला तर झरा आटतो, आणि तोच सांधा कड्याच्या तोंडाशीं असला तर कडा सुटतो. अमात्यांच्या लेखणीनें झऱ्याचें सांगितलें. कड्याचें आपण समजून घ्यावें.

मराठी किल्ल्यांच्या कागदांत ‘कडा तासणें’ हा शब्दप्रयोग येतो. त्याचा अर्थ शत्रूस चढतां येऊं नये म्हणून कडा उभा करणें एवढाच घेतला जातो. परंतु कडा तासतांना सुटे दगड निघून जातात, पुढें आलेले कोपरे उडतात, व मागचा निकोप खडक उघडा पडतो. म्हणजे तासणें ही संरक्षणाची कृति तशीच कड्याच्या स्थैर्याचीही कृति होती.

(३) हत्यारांच्या खुणा

खाणीचें तोंड कोणत्या काळचें, हें ठरविण्यास हत्यारांच्या खुणा उपयोगी पडतात. जुन्या पद्धतींत दगडावर एका रेषेंत खोबणी पाडीत, त्यांत पाचरी बसवीत, व त्यांवर पाळीपाळीनें घण घालून दगड त्या रेषेवर उकलीत. उकलल्यावर प्रत्येक खोबणीचा अर्धा भाग निघालेल्या दगडावर व अर्धा मागच्या कातळावर राहतो. तटाच्या चिऱ्यावर व खाणीच्या तोंडावर एकाच मापाच्या खोबणी आढळल्या, तर त्या दोहोंचें नातें जुळविण्यास तो चांगला पुरावा होय.

सुरुंगाची खूण निराळी असते. पहारीनें पाडलेल्या नळींत दारू ठासून उडविली म्हणजे मागच्या कातळावर नळीची अर्धगोल खांच राहते, व तिच्याभोंवतीं भेगांचा पंखा पसरतो. हातानें पाडलेली नळी किंचित् वांकडी व कमीअधिक रुंदीची असते; यंत्रानें पाडलेली सरळ व एकसारखी असते. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. डायनामाइटचा शोध १८६७ चा आहे, एवढ्यावरून सुरुंगाची प्रत्येक खूण इंग्रजी अमलांतील ठरवूं नये. गडाजवळ दुसरा डोंगर असल्यास तो सुरुंग लावून फोडावा, असें आज्ञापत्रांतच सांगितलें आहे. अर्थात् खडकांत दारूचा उपयोग त्यापूर्वींपासून माहीत होता.

या दोन पद्धतींचा स्थैर्याशीं निकट संबंध आहे. पाचरीनें काढलेल्या तोंडामागचा खडक जसाच्या तसा राहतो. सुरुंगानें जेवढा दगड निघतो त्याच्या मागें आणखी कांहीं हात खडक आंतून तडकतो. म्हणून तीनशें वर्षांचें पाचरीचें तोंड उभें आणि तीस वर्षांचें सुरुंगाचें तोंड पडलेलें, असा देखावा दिसला तर त्यांत नवल नाहीं.

देवळांतूनही खाणीची माहिती मिळते. अकोला जिल्ह्यांतील बार्शीटाकळी येथें शके १०९८ चा शिलालेख असलेलें हेमाडपंती देऊळ आहे. अशा देवळांच्या तुळया अखंड दगडाच्या असतात. ज्या खाणींतून तुळई निघाली, तेथें निदान तुळईच्या लांबीइतक्या अंतरांत खडकांत सांधा नव्हता, हें उघड आहे. तेव्हां देवळाची सर्वांत लांब तुळई मोजणें म्हणजे नष्ट झालेल्या खाणीचा निकोपपणा मोजणेंच होय.

मैदानावरील शहरांचेंही असेंच. अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून निजामाच्या सरकारानें १८०७ मध्यें आरंभिला. त्याचा घेर सव्वादोन मैल व उंची २० ते २६ फूट असून त्यास पांच वेशी व चार खिडक्या आहेत. भिंतीची जाडी अवघी एक मीटर धरली व उंची कमींतकमी घेतली, तरी सुमारें २२ हजार घनमीटर दगड लागला. इतका दगड काढावयाचा तर ६ मीटर खोल व ६० मीटर लांबरुंद असा एक सबंध खड्डा पाहिजे. प्रत्यक्षांत वाया जाणारा दगड धरून याहून पुष्कळ मोठा. खुनारी खिडकीची कथा अमरावतींत सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्या खिडकीचा दगड कोठला, हें विचारणारा भेटत नाहीं. अकोल्यास तर शहराच्या एका भागाचें नांवच ‘खदान’ आहे. १८६७ मध्यें आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोहोंचली. तेव्हांपासून रुळांखालील खडीसाठीं, पुढें सडकांसाठीं, काळ्या दगडाची मागणी वाढत गेली. जुन्या खाणीच्या तोंडावरच नवी खाण चालवावयाची, असें घडून पाचरीच्या खुणा पुष्कळ ठिकाणीं नाहींशा झाल्या.

(४) कडा कसा पडतो

खडक मोडून पडत नाहीं, सुटून पडतो, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. शंभर फूट उंच कड्याच्या तळावर जें वजन येतें, त्याच्या शंभरपटीहून अधिक भार निकोप काळवत्री दगड सोसूं शकतो. म्हणून कडा पडतो तो दगडाच्या दुबळेपणामुळें नव्हे, तर त्यांतील सांध्यांमुळें. पडण्याचे मुख्य प्रकार चार आहेत.

पहिला प्रकार सपाट घसरण. सांधा खाणीच्या बाजूस कललेला असून त्याचें खालचें टोंक कड्याच्या तोंडावर उघडें पडलें असेल, तर वरचा खडक त्यावरून घसरतो. फळीवर दगड ठेवून फळी हळूहळू उचलावी; ज्या कोनास दगड सरकतो तो घर्षणाचा कोन. काळ्या पाषाणाच्या स्वच्छ व कोरड्या सांध्यास हा कोन ३५ अंशांच्या आसपास असतो; सांध्यांत तांबडी माती किंवा चिकण असेल तर तो पुष्कळच कमी होतो. दुसरा प्रकार पाचरीचा : दोन सांधे एकमेकांस तिरपे छेदतात, व मधला तुकडा दोहोंच्या खोबणींतून पुढें निसटतो. तिसरा प्रकार उलथण्याचा : उभ्या सांध्यांनीं सुटे झालेले खांब पुढें झुकून पडतात. चौथा प्रकार मुरूम, माती व कुजलेला खडक यांचा. तेथें ठराविक सांधा नसतो, व भूमि वाटीसारख्या वक्र पृष्ठावरून खचते. पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव ३० जुलै १९१४ नव्हे, तर २०१४ रोजीं ज्या दरडीखालीं गाडलें गेलें व दीडशेंवर माणसें दगावलीं, ती अशीच पाण्यानें भिजलेली डोंगरउताराची माती होती. सन लिहितांना शतकाची चूक सहज होते व आपण ती दुरुस्त करितों; दरडीची जात लिहितांना होणारी चूक मात्र कोणी दुरुस्त करीत नाहीं.

वऱ्हाडच्या डोंगरांत थर बहुतेक आडवे असल्यामुळें थरावरून घसरण क्वचित् होते. येथील नेहमींचा क्रम असा : तांबडा पट्टा किंवा मांजऱ्या थर ऊनपावसानें आधीं झिजतो, वरचा काळवत्री थर छज्जासारखा पुढें राहतो, त्यांतील उभे सांधे उघडतात, आणि एखाद्या खांबाच्या जाडीचा अर्ध्याहून अधिक भाग निराधार झाला कीं त्याचा तोल जाऊन तो पडतो. म्हणून वऱ्हाडांत कड्याची परीक्षा करावयाची तर माथ्यापेक्षां पायथ्याचा मऊ थर आधीं पाहावा.

या सर्वांत पाण्याचा भाग मोठा आहे. पाण्यानें दगड निसरडा होतो म्हणून तो घसरतो, असें लोक समजतात; खरा जोर पाण्याच्या दाबाचा असतो. कड्याच्या माथ्यामागील १० मीटर खोल भेग पाण्यानें भरली, तर तिच्या तळाशीं दर चौरस मीटरावर १० टन दाब पडतो, व कड्याच्या दर मीटर लांबीस ५० टनांचा रेटा बाहेरच्या बाजूस बसतो. भेग दुप्पट खोल असेल तर रेटा चौपट होतो. मेळघाटांत चिखलदऱ्याकडे पाऊस अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. तेथील कडे पावसाळ्यांत कां पडतात याचें उत्तर या हिशेबांत आहे.

(५) परीक्षा कशी करावी

अमरावती जिल्ह्यांतील एका बंद पडलेल्या खाणींत आम्ही एका वृद्ध वडारासह उतरलों होतों. त्यानें आम्हांस तोंडाजवळ जाऊं दिलें नाहीं. लहान घणानें त्यानें कातळावर ठिकठिकाणीं ठोके दिले. एके ठिकाणीं खणखणीत आवाज आला, तीन हातांवर तो बद्द झाला. “पयले कान लावा, मंग पाय ठेवा,” एवढेंच तो म्हणाला. बद्द आवाज म्हणजे मागें पोकळी, म्हणजे सुटलेली शीळ. ही परीक्षा जगांतील खाणकामगार आजही करितात.

कानानंतर डोळे. आधीं दुरून सगळें तोंड पाहावें व थर मोजावे. मग होकायंत्रानें प्रत्येक सांध्याच्या कलण्याची दिशा व कोनमापकानें त्याचा कोन घ्यावा. जो सांधा खाणीकडे कलतो, ज्याचा कोन घर्षणाच्या कोनाहून अधिक व तोंडाच्या कोनाहून कमी आहे, तो धोक्याचा. सांधे किती अंतरावर आहेत, किती उघडे आहेत, त्यांत माती आहे कीं पाणी, हें लिहावें. माथ्यावर कड्याशीं समांतर भेगा व झुकलेलीं झाडें पाहावींत. पायथ्याशीं पडलेल्या दगडांचा रंग पाहावा : ताजा तुटलेला दगड स्वच्छ काळा दिसतो, जुन्यावर दगडफूल व बुरा चढलेला असतो. भेगेच्या दोन्ही काठांवर खुंट्या मारून त्यांमधील अंतर महिन्यामहिन्यास मोजावें. शेवटीं खडकास धरून ठेवणारा जोर व त्यास ओढणारा जोर यांचें प्रमाण काढतात. तें एकाहून कमी झालें कीं कडा पडतो. कायमच्या कड्यास तें दीडपट असावें असा साधारण संकेत आहे.

अशा ज्ञानाचा कायद्यांतही अंतर्भाव झाला आहे. धातुखाणींसंबंधीं १९६१ मध्यें जे विनियम झाले, त्यांतील १०६ व्या विनियमांत घट्ट खडकांतील उघड्या खाणीच्या पायऱ्या ६ मीटरांहून उंच नसाव्यात, माती-मुरमाचा उतार ४५ अंशांहून उभा नसावा, कांठापासून ३ मीटरांच्या आंत झाड किंवा सुटा दगड ठेवूं नये, व तोंड खालून पोखरूं नये, असें ठरविण्यांत आलें. शेवटचा नियम तर वऱ्हाडच्या मऊ पट्ट्यांकडे पाहूनच लिहिला असावा असा वाटतो.

मात्र मोजणें म्हणजे समजणें नव्हे. इटलींतील वायोंत येथें धरणावरील डोंगरास १९६० मध्येंच लांब भेग पडली होती. डोंगर सरकत होता व त्याचें सरकणें तीन वर्षें मोजलें जात होतें. परंतु किती डोंगर व कोणत्या पृष्ठावरून सरकतो आहे याचा अजमास चुकला. ९ आक्टोबर १९६३ च्या रात्रीं तो डोंगर एकदम तलावांत कोसळला. त्याच्या लाटेनें सुमारें दोन हजार माणसें मेलीं. आंकडे होते, वाचन चुकलें. हस्तलिखितांच्या अभ्यासकांस ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

(६) आमची चूक व गाविलगड

एका डोंगरी किल्ल्याच्या टिपणांत आम्हीं असें लिहिलें होतें कीं, अमुक बाजूचा तट शत्रूच्या तोफांनीं पाडला. किल्ल्यास वेढा पडल्याचें कागदांत होतें, तट पडलेला डोळ्यांपुढें होता. दोहोंची सांगड आम्हीं घातली. पुढें उन्हाळ्यांत त्या बाजूच्या पायथ्याशीं उतरून पाहिलें, तेव्हां ढिगांत घडीव चिऱ्यांबरोबर खोलीएवढे अनघड कातळ पडलेले दिसले, व वर तटाचा पाया कड्याच्या ताज्या तुटलेल्या रेषेवर येऊन थांबत होता. तट पडला नव्हता. तट ज्यावर उभा होता तो कडाच गेला होता. कागद खरा होता, तट पडलेला खरा होता, पण आमचें अनुमान खोटें होतें.

यावरून आम्हीं पुढील नियम केला. तोफेनें पडलेल्या भिंतीचा ढीग चिरे, भर व चुना यांचा असतो. पाया जागच्या जागीं राहतो, व शेजारच्या उभ्या भागावर गोळ्यांचे डाग असतात. खडक सुटून पडलेल्या भिंतीच्या ढिगांत अनघड खडक असतो, पाया नाहींसा होतो, व कड्यावर नवा रंग उघडा पडतो. ढिगाची ही परीक्षा झाल्याविना कोणत्याही खिंडाराचें श्रेय कोणत्याही सेनापतीस देऊं नये.

गाविलगडास हा नियम लावून पाहावा. फिरिस्त्याच्या सांगण्याप्रमाणें अहमदशहा वली बहमनीनें इ. स. १४२५ च्या सुमारास अचलपुरास राहून हा किल्ला बांधविला. इमादुल्मुल्कानें पुढें त्याची दुरुस्ती केली. बहराम बुरुजावर इ. स. १५७७ चा लेख आहे. किल्ल्याची मांडणीच कड्याच्या परीक्षेवर झाली आहे. आंतला किल्ला दक्षिणेस, जेथें कडा अत्यंत उभा आहे तेथें; आणि उत्तरेस, जेथें डोंगराची मान लबाडा गांवाकडे जोडलेली आहे तेथें, बाहेरचा किल्ला व जाड भिंती. म्हणजे दक्षिणेस बांधणाऱ्यानें खडकावर विश्वास टाकला, व उत्तरेस आपल्या हातांवर.

१८०३ च्या डिसेंबरांत इंग्रजी फौजेनेंही हाच हिशेब केला. कर्नल स्टीव्हन्सन अवजड तोफा घेऊन डोंगरांतून फिरून उत्तरेस लबाड्याकडे गेला, व १२ तारखेच्या रात्रीं त्यानें मोर्चे बांधले. जनरल वेलस्लीनें त्याच रात्रीं दक्षिण दरवाजाखालीं मोर्चा बांधला. परंतु लोखंडी तोफा त्या चढावर नेतां आल्या नाहींत, व पितळी तोफांचा मारा फारसा लागू पडला नाहीं, असें त्याच्याच खलित्यांत नमूद आहे. १३ तारखेस सकाळीं मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीं बाहेरच्या किल्ल्याच्या भिंतींस खिंडारें पडलीं, व १५ रोजीं हल्ला झाला. आंतल्या किल्ल्याची भिंत तोफेनें पडलीच नाहीं. कॅप्टन कॅम्बेलच्या लोकांनीं शिड्या लावून ती ओलांडली व दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग रजपूत आपल्या लोकांसह लढतां लढतां पडला.

आतां हा खलिता व कडा एकत्र वाचावा. दक्षिण कड्यावर आज जेथें तट ढासळला आहे, त्याचें कारण म्हणून १८०३ च्या तोफा सहज सांगितल्या जातात. परंतु तोफा चालविणाराच सांगतो कीं, त्या बाजूस परिणाम झाला नाहीं. मग त्या बाजूचें ढासळणें दोनशेंहून अधिक पावसाळ्यांचें, मऊ थराच्या झिजेचें व तटावर रुजलेल्या झाडांचें असण्याचा संभव अधिक. वेलस्लीच्या पदरांत त्यानें स्वतः न मागितलेलें श्रेय आपण घालूं नये. आणि ज्या पाथरवटानें त्या कड्यावर विश्वास टाकला, त्याचा विश्वास त्या तीन दिवसांत तरी खोटा ठरला नाहीं, एवढें त्याच्या पदरांत अवश्य घालावें.

(७) दुरुस्ती व नोंद

हा विचार केवळ जुन्या यशापयशाचा नाहीं. किल्ल्यांच्या दुरुस्तीचीं कामें होतात, तेव्हां कड्याच्या भेगा सिमेंटानें वरवर लिंपण्याची प्रवृत्ति दिसते. त्यानें पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते, आणि वर सांगितलेला रेटा वाढतो. आधीं माथ्यावरचें पाणी दूर वळवावें, कड्यांत पाणी निघण्यास भोंकें ठेवावींत, मऊ थराखालीं आधाराची भिंत द्यावी, व मगच भेग भरावी. झाडें मुळासकट ओढूं नयेत. कापून मूळ जागीं मारावें.

तसेंच उन्हाळ्यांत जुनीं तळीं उपसून गाळ काढण्याचें चांगलें काम हौशी मंडळी करितात. तळें म्हणजे जुनी खाण, हें त्यांनीं विसरूं नये. शेंकडों वर्षें पाण्यानें बाहेरून धरलेलें तोंड पाणी एकदम उपसल्यास निराधार होतें, व सांध्यांतील पाणी मात्र आंतून रेटीतच असतें. पाणी हळूहळू उतरवावें, व तोंडाखालीं माणसें उभीं करण्यापूर्वीं घणानें ठोकून पाहावें.

आमच्या वाचकांस विनंति एवढीच कीं, लेखाचा ठसा घेतांना ज्याप्रमाणें आपण अक्षरांची उंची व ओळींची संख्या लिहून ठेवतों, त्याप्रमाणें किल्ल्याच्या, लेण्याच्या अथवा खाणीच्या टिपणांत कड्याची दिशा, थरांचा क्रम, सांध्यांचा कल, हत्यारांच्या खुणा व पायथ्याच्या ढिगाचें स्वरूप यांचीही नोंद ठेवावी. कागद फाटला तर त्याची नक्कल कोठें तरी असूं शकते. खाणीच्या तोंडाची दुसरी प्रत नसते. नवा सुरुंग लागला कीं तो लेख कायमचा गेला. वऱ्हाडांत अशीं तोंडें अद्याप पुष्कळ शिल्लक आहेत. तीं आहेत तोंवर वाचून घ्यावींत.